दिव्यावर लावलेली टिकली

प्रिय अहो,

शुक्रवारी संध्याकाळी नितीनभाऊजींनी माझ्याकडे एक टिकली मागितली. म्हणून आज ऑफिसला रजा टाकून हे पत्र लिहायला बसले आहे.

पत्र तुम्हाला पोचणार नाही, हे मला माहीत आहे. आत्मा नाही, परलोक नाही, मागे राहतं ते माणसाचं काम, हे तुमच्या वडिलांनी, अण्णांनी, मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात समोर बसवून सांगितलं होतं आणि तुम्ही त्यांच्या मागे उभे राहून हसत होता. तरी लिहिते. वर्षभर कुणाशी बोलले नाही ते कुणाशी तरी बोलायला हवं, आणि असलं बोलायला माझ्याकडे तुमच्याशिवाय दुसरं कोण होतं? आपल्या नियमात बसत नसेल तर नसू द्या.

तुम्हाला जाऊन आता वर्ष होईल. मी बरी आहे. ऑफिसला जाते, डबा खाते, आपल्या लेकीच्या, मैत्रीच्या परीक्षेची धावपळ करते. लोक विचारतात, मी "ठीक" म्हणते आणि ते खरंच असतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं काहीसं झालंय. तुम्हाला आणलं त्या दिवशीही मी रडले नाही. बायका एकमेकींना म्हणत होत्या, "तिला रडवा, नाहीतर छातीला लागंल." मला आतून वाटत होतं की ह्यांना चहा तरी कुणी विचारला की नाही.

गाडी घेतली तेव्हाचं आठवतं? शोरूमचा माणूस छत उघडून दाखवत होता. तुम्ही म्हणालात, "सोलापूरच्या उन्हात छत उघडून आम्ही काय पापड वाळवायचे? टायरचा सेन्सर कुठल्या मॉडेलमध्ये आहे ते सांगा." प्रत्येक चाकात एक छोटंसं यंत्र बसवलेलं असतं. हवा कमी झाली की ते गाडीला सांगतं आणि गाडी आपल्याला सांगते. एवढंच ते, पण तुम्ही मैत्रीला समोर बसवून अख्खा तास घेतलात. मोडनिंबच्या शाळेत दिवसभर विज्ञान शिकवून तुमचं पोट भरायचं नाही, घरी येऊनही वर्ग भरवायचा.

स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की पडद्यावर गाडीचं चित्र यायचं आणि चारही चाकांपाशी हवेचे आकडे. काही बिनसलं तर समोर एक पिवळा दिवा लागायचा, घोड्याच्या नालेसारखा, पोटात उद्गारचिन्ह. तुम्ही त्याचं नाव चोंबडा ठेवलं होतं. सगळ्यांच्या हवेवर ह्याचं लक्ष, म्हणायचात.

एकदा पावसाळ्यात बार्शीहून येताना चोंबडा बोलला. बाहेर उतरून पाहिलं तर चारही चाकं सारखीच दिसत होती. मी म्हटलं, चला हो, काही झालेलं नाही, भूक लागलीय. तुम्ही हलला नाहीत. मागच्या एका चाकाचा आकडा हळूहळू उतरत होता. पंक्चरवाल्याने त्यातून बोटभर खिळा काढून तुमच्या हातावर ठेवला. मग काय विचारता, दोन दिवस तुम्ही तो खिळा खिशात घेऊन अख्ख्या वस्तीला दाखवत हिंडलात. डोळ्यांना दिसत नाही ते ह्याला दिसतं, म्हणून सांगत होता.

मग मला एवढंच सांगा. पावसाळ्यात खरं बोलणारा चोंबडा उन्हाळ्यातच खोटा कसा झाला?

विचारते खरी, पण उत्तर मला माहीत आहे. उत्तर म्हणजे अण्णा.

अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं अक्कलकोट रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवली. आत माणसं, टपावर माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, आणि ट्यूब म्हणजे ठिगळांची वाकळ. त्यांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलं की उन्हाळ्यात हवा फुगते, फुगली की टायर फुटतो, म्हणून उन्हं तापायच्या आत थोडी हवा सोडून द्यायची. अण्णांनी त्याचा दिवसच ठरवून टाकला. जयंतीच्या आदल्या दिवशी घरातल्या गाड्या धुवायच्या, निळा झेंडा बांधायचा आणि मग चाकापाशी उकिडवं बसून आगकाडीच्या टोकाने हवा उतरवायची. मृग लागला की परत भरायची. घरात आलेल्या नव्या सुनेला सण सांगावेत तसं त्यांनी मला हे सांगितलं होतं.

आणि हा कोण माणूस? ज्याने उभ्या आयुष्यात गाडीला लिंबू-मिरची बांधली नाही. मांजर आडवं गेलं म्हणून एखादा प्रवासी कुरकुरला तर अण्णा त्याला "उतर, चालत ये" म्हणायचे. "कुनी सांगितलं म्हणून मानायचं न्हाय, तपासून बगायचं," हे त्यांचं पालुपद मैत्रीला बाराखडीच्या आधी पाठ झालं होतं. सगळं तपासलं अण्णांनी. उस्तादांनी सांगितलेली तेवढी एक गोष्ट तपासायची राहिली.

आणि तुम्ही? तुम्हाला तर माहीत होतं. ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला कंपनीने चिठ्ठी चिकटवलेली असते, किती पौंड हवा ठेवायची त्याची, ती मला तुम्हीच दाखवली होती. रस्ता तापतो, हवा थोडी वाढते, हे सगळं धरूनच तो आकडा काढलेला असतो, हेही तुम्हीच सांगितलं होतं. मी म्हटलं, मग अण्णांना सांगा की. तुम्ही म्हणालात, "दोन महिन्यांचा तर प्रश्न. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडायचं? मी हळू चालवतो."

अण्णांनी हवा उतरवली की दिवा लागायचा आणि लागूनच राहायचा. कपाटाच्या आरशावर मी चिकटवून ठेवलेली एक मरून रंगाची टिकली तुम्ही काढलीत आणि दिव्यावर लावलीत. बरोबर बसली. वर मला बोलावून दाखवलंत, "बघ, आपली गाडी सवाष्ण झाली." मी हसले होते. विनोद काही वाईट नव्हता.

त्या दिवशी तुम्ही सकाळची शाळा करून दुपारच्या उन्हात परत येत होता. मोहोळ मागे पडलं होतं. पुढचं डावं चाक फुटलं, गाडी दुभाजकावर चढली आणि उलटली. मला ह्यापुढचं लिहिता येत नाही, आणि लिहून तुम्हाला काय सांगणार?

नंतर गाडी ठेवली होती तिथे मला जावं लागलं. विम्याचा माणूस पाहणी करत होता. तो फुटक्या टायरमध्ये हात घालून म्हणाला, "मॅडम, ह्याची कड आतून भाजून निघालीय. हवा कमी असताना लांब पळवला की असंच होतं. ह्या गाडीला तर दिवा असतो. लागला नव्हता का?" मी तडकलेल्या काचेतून आत पाहिलं. टिकली जागेवर होती. मी त्याला सांगितलं की मला माहीत नाही.

त्याआधी, तुमची माती झाली त्याच दुपारी, घरी माणसं भेटायला येत होती. बाहेरच्या मांडवात एकच बोलणं, काय हे ऊन, टायर तग धरायचे नाहीत, हवा फुगली असेल. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "मी उतरवली हुती की हवा. पन कमी उतरवली. आजून चार पौंड सोडायला पायजे हुती."

मी चहाचे कप गोळा करत होते. मी ऐकलं आणि कप घेऊन आत गेले.

का बोलले नाही? त्याच सकाळी काय झालं होतं ते तुम्हाला ठाऊक नाही. शेजारच्या दोघी-तिघी माझ्या बांगड्यांकडे सरकल्या होत्या, एकीने पदराचं टोक ओलं करून आणलं होतं. अण्णा तुमच्या पायापाशी बसले होते, तिथून ते उठून आले. मोठ्याने नाही बोलले. "आपल्यात हे न्हाय," म्हणाले. "टिकली न बांगडी तिची हाय. लग्नाआदीपास्नं तिची हाय. हात लावू नगा." आणि परत जाऊन बसले. स्वतःच्या मुलाची माती व्हायची आहे आणि ह्या माणसाला सुनेच्या टिकलीचं भान आहे. त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की अण्णा, तुम्ही जास्त सोडलीत म्हणून हे गेले?

तेव्हा तुम्ही जपलंत ते मन पुढे मी जपलं. आपल्या घरात हे वारसाहक्काने चालतं की काय कोण जाणे.

पण मन जपून काय झालं ते ऐका. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर आठवड्याभरात अण्णा आगपेटी खिशात घालून घराबाहेर पडले. वस्तीत ज्याच्या दारात गाडी दिसेल तिथे बसायचं आणि हवा सोडायची. मोटारसायकली, रिक्षा, भाजीवाल्याचा टेम्पो. "माजा पोरगा गेला, तुमचं जाऊ नये." ह्यावर कोण काय बोलणार? ज्यांना कळत होतं तेही गप्प बसायचे. रिक्षावाले मला हळूच म्हणाले, "वैनी, आमी पुढच्या नाक्यावर भरून घेतो, म्हाताऱ्याला वाईट वाटाया नगो." काही भरून घेत होते. काही तशीच पळवत होते, कारण अण्णांसारखा जुना ड्रायव्हर सांगतोय म्हटल्यावर ते खरंच असणार.

यंदा जयंतीच्या आदल्या दिवशी त्यांनी नितीनभाऊजींच्या गाडीची हवा उतरवली. भाऊजींनी जुनी का होईना पण आपल्यासारखीच गाडी घेतलीय, हौसेने, दादाची होती तशी. ह्या सोमवारी ते मैत्रीला पुण्याला प्रवेशपरीक्षेला घेऊन जाणार होते. त्याच रस्त्याने.

तर शुक्रवार. भाऊजी दारातूनच म्हणाले, "वहिनी, एक टिकली द्या की."

"कशाला?"

"टायरचा दिवा लागलाय. अण्णांनी हवा सोडली न्हवं का. दादा लावायचा तशी लावतो. मैत्री सारखी इचारती, काका चोंबडा का पेटलाय, काका चोंबडा का पेटलाय. डोकं उठवलंय पोरीनं."

मी कपाटापाशी गेले. आरशावरच्या टिकलीला नख लावलं आणि तशीच उभी राहिले. मला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. राग आला. वर्षभरात पहिल्यांदा आत काहीतरी हललं आणि तो राग निघाला, तोही तुमच्यावर. तुम्ही अण्णांना दुखवलं नाहीत, छान केलंत. आणि मग हे सगळं दुखणं कुणाच्या अंगावर टाकून गेलात? विज्ञानाचे मास्तर तुम्ही, शंभर पोरांना समजावता येतं आणि एका बापाला येत नाही?

बाहेर येऊन मी म्हटलं, "टिकली मिळणार नाही."

"का ओ?"

"सोमवारी त्या गाडीत माझी मुलगी बसणार आहे."

अण्णा अंगणात कॉटवर बसले होते. त्यांनी मान वळवली. "काय झालं गं?"

मी जाऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "अण्णा, उन्हाळ्यात हवा जास्त झाली म्हणून टायर फुटत नाही. कमी असली म्हणून फुटतो."

"कुनी सांगितलं?"

"ह्यांनी."

"संजूनं? मला कदी बोलला न्हाय त्यो."

"तुमचं मन मोडायचं नव्हतं त्यांना."

भाऊजी मागून म्हणाले, "वहिनी, ऱ्हाऊ द्या की." त्यांना कळलं होतं मी कुठे चालले आहे ते. अण्णा म्हणाले, "चाळीस वर्सं गाडी मारली मी. आमच्या उस्तादाचं एक चाक कदी फुटलं न्हाय." मी म्हटलं, "कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही ना अण्णा? मग माझंही मानू नका. तपासून बघू."

त्यांना नाही म्हणता आलं नाही. त्यांच्याच खुंट्याला मी त्यांना बांधलं होतं.

रविवारी सकाळी निघालो. भाऊजी गाडी चालवायला, शेजारी अण्णा, मागे मी. पंपावर पुढच्या उजव्या चाकात दाराच्या चिठ्ठीवर लिहिल्याइतकी हवा भरली. पुढचं डावं चाक अण्णांनी उतरवलं होतं तसंच ठेवलं. पडद्यावर दोन्ही आकडे दिसत होते आणि दिवा लागलेला होता, उघडा. भाऊजींना सांगितलं की पन्नासच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. वळसंगपर्यंत जायचं आणि उतरून दोन्ही चाकांना हात लावून बघायचा, एवढाच प्रयोग. तुम्ही असता तर म्हणाला असता की दोन्ही बाजूंना ऊन सारखं पडत नाही, प्रयोग चुकला. म्हणून गावाशी पोचल्यावर लिंबाखाली थोडा वेळ गाडी हळूहळू मागे-पुढे घेतली, दोन्ही चाकं सावलीत राहतील अशी. तुमच्याबरोबर इतकी वर्षं उगाच काढली नाहीत.

थांबल्याबरोबर अण्णांनी पडद्याकडे बोट केलं. "बग. भरलेल्या चाकाची वाढली की न्हाय हवा? मी काय म्हणतो मंग?" आवाजात उमेद होती. खरंच आकडा वाढला होता. भाऊजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "वाढणारच. आता हात लावा."

अण्णा उतरले. उजव्या चाकाच्या कडेला त्यांनी तळवा लावला. गरम होतं, पण त्यांनी हात तसाच ठेवला. मग पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आले, वाकले आणि हात लावला, तो लगेच काढला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. त्यांनी उजव्या चाकाकडे परत जाऊन पाहिलं. असं ते तीन-चार वेळा इकडून तिकडे गेले. रस्त्याने जाणारा एक मोटारसायकलवाला थांबून "काय झालं ओ, पंक्चर का?" विचारून गेला.

"का?" अण्णांनी विचारलं. "कमी हवंचं का गरम झालं?"

तुम्ही वर्गात दाखवायचात ते मी घरून आणलं होतं, कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा. त्यांच्या हातात दिला. "वाकवा, सरळ करा. थांबू नका." त्यांनी दहा-बारा वेळा केलं. "आता वाकवलंय तिथे ओठ लावा." त्यांनी लावला आणि दचकले. तार गरम झाली होती. मी सांगितलं, तुमच्याच शब्दांत, की हवा कमी असली की टायर रस्त्याला टेकतो तिथे वाकतो, वर गेला की सरळ होतो, प्रत्येक फेरीला तेच. तो ऊन लागून एवढा तापत नाही, वाकून वाकून तापतो. मग कड भाजते आणि एक वेळ अशी येते की फुटतो. दिवा तेच सांगत असतो, फुटायच्या कितीतरी आधी.

अण्णा लिंबाच्या बुडाशी बसले. हातात तार होती. ती बोटांत फिरवत म्हणाले, "संजूच्या गाडीत पन हाच दिवा हुता?"

"होता."

"लागला हुता?"

"लागला होता."

"मंग त्यो थांबला का न्हाय? हवा का भरली न्हाय?"

भाऊजी म्हणाले, "वहिनी, बास."

पण बास करून चालणार नव्हतं. मी सांगितलं. टिकलीचं सांगितलं. "अण्णा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी दिवा झाकला, मृगापर्यंत," असं जसंच्या तसं सांगितलं. आवाज चढला नाही, कापला नाही. मी दुसऱ्या कुणाची हकिकत सांगतेय असं मलाच वाटत होतं.

"म्हंजे माज्यामुळं," अण्णा म्हणाले.

मी 'नाही' म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं का? तुम्ही नक्की म्हणाला असता. भाऊजी तोंड फिरवून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते. मला अण्णांच्या शेजारी बसावंसं वाटलं, तेवढं मी केलं.

येताना वळसंगातच उरलेली तिन्ही चाकं भरून घेतली आणि दिवा गेला. घरी आल्यावर अण्णा जेवले नाहीत. काल सकाळी मात्र उठून, अंघोळ करून तयार होते. मैत्रीला म्हणाले, "बटन दाब. चारी चाकांचं आकडं मला वाचून दाव." तिने वाचून दाखवले. त्यांनी दारावरच्या चिठ्ठीशी एकेक ताडून पाहिला आणि मग जा म्हणाले. दुपारी तिचा फोन आला, पोचलो. मी ऑफिसात होते. फोन ठेवून मी पुढची फाइल घेतली, आणि ती आधीचीच फाइल होती हे मला थोड्या वेळाने कळलं.

संध्याकाळी ऑफिसातून आले तर अण्णा चप्पल घालून उभे. "चल," म्हणाले. "मला एकट्याला जमायचं न्हाय."

आम्ही वस्तीत गेलो. वर्षभर ज्या ज्या दारात ते काडी घेऊन बसले होते त्या त्या दारात. पहिल्या घरी म्हणाले, "गाडीत हवा भरून घ्या. हितनं पुढं कमी ठेवू नगा." रिक्षावाला म्हणाला, "का अण्णा? ऊन तर लई हाय."

अण्णा उभ्या उभ्या म्हणाले, "माजा संजू कमी हवेनं गेला. हवा मी सोडली हुती."

तो माणूस खाटेवरून उठला. "असं नगा म्हणू अण्णा. तुमी कशाला जिवाला लावून घेताय? तुमची काय चूक?" त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणला, बसायला सतरंजी टाकली. दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात तेच. सगळ्यांना वाटलं की वर्ष भरत आलंय, म्हाताऱ्याचं दुःख वर आलंय, डोकं ठिकाणावर नाही. "व्हय अण्णा, भरतो अण्णा, तुमी बसा, च्या घ्या." माझ्याकडे बघून खुणेने विचारत होते, घरी नेऊ का म्हणून. चाकाकडे कुणी बघतही नव्हतं.

भाजीवाल्याच्या दारात अण्णांनी चहाचा कप परत केला. टेम्पोच्या चाकावर हात आपटला. मी त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"माजं मन राखू नगा!" ते ओरडले. "त्यानंबी राखलं हुतं. मन राखू नगा, हवा भरा."

भाजीवाल्याने आत जाऊन किल्ली आणली, टेम्पो चालू केला आणि पंपाच्या दिशेने गेला. त्याच्या मागे एक रिक्षा निघाली, मग दुसरी. अण्णा रस्त्याच्या कडेला उभे राहून जाणारी एकेक गाडी बघत होते, आणि मी त्यांचा दंड धरून होते. तो थरथरत होता. मला ते माझ्या हाताला कळत होतं. वर्षभरानंतर मला काहीतरी नीट कळत होतं.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल, मी घाई करणार नाही.

पण एक वचन देते. अण्णा रोज संध्याकाळी त्या दारांतून जाणार आहेत, आणि ते थकतील तोवर मी त्यांच्याबरोबर जाईन. एकदाही त्यांना "तुमची काय चूक" म्हणणार नाही. त्यांना ते ऐकायचं नाही. आणि अंगणात बसून ते तुमच्यासाठी रडतील तेव्हा आत कप धुवायला जाणार नाही, तिथेच बसेन. मलाही रडू आलं तर येऊ देईन.

तुमची,
वैशाली